काळजावरचा भुंगेरा

केन्नाने हिरवा भुंगेरा तळहातावर उलटा केला, पोटाच्या सपाट बाजूवर फुंकर मारून दगडाची पूड उडवली आणि कोरलेल्या ओळींवरून बोट फिरवत अगदी सहज म्हणाला, "झालं बरं का, वहिनी. काळजाला दटावून ठेवलंय. आता नाव तेवढं घातलं की तुम्ही मोकळ्या."

वाबेत दाराजवळच्या चटईवर टेकली होती. उन्हातून आली म्हणून केन्नाच्या सुनेने जवाच्या पातळ बिअरचं मडकं तिच्यापुढे ठेवलं होतं. "दटावून म्हणजे?" तिने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, इतकंच.

"म्हणजे हे लिहिलंय ते. मेल्यावर तिथे देवांच्या तराजूत घातलं की गप बसायचं. माझ्यावर उलटायचं नाही, देवांसमोर माझ्याविरुद्ध साक्ष द्यायची नाही. अहो, माणसाची खडान्‌खडा माहिती कुणाला असते? त्याच्याच काळजाला. खरा घरभेदी तो. त्याचं तोंड आधी बांधायला नको?" केन्ना हसला. त्याचे पुढचे दोन दात पडले होते. "इतकी वर्षं कारकुनाच्या घरात काढलीत आणि हे माहीत नव्हतं होय?"

"माहीत होतं," वाबेत म्हणाली.

तिला काडीइतकं माहीत नव्हतं. मडक्याच्या काठावर एक माशी पाय चोळत बसली होती, तिच्याकडे ती बघत राहिली. बाहेर गल्लीत कांदेवाली ओरडत होती, कुणाचं तरी गाढव अडून बसलं होतं, ते सगळे आवाज मध्येच कुठेतरी गेले आणि पुन्हा आले. केन्नाच्या हसण्यात आपणही हसायला हवं होतं हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग ती जरा हसली. साक्ष द्यायची नाही. म्हणजे तिथेही. जन्मापासून तिने हे हिरवे भुंगेरे पाहिले होते. सासऱ्यांच्या छातीवर ठेवला तेव्हा तिने स्वतः तो ओल्या कापडाने पुसून दिला होता. आई सांगायची, भुंगेरा शेणाचा गोळा लोटत नेतो तसा देव सूर्याला रोज वर लोटतो, आणि भुंगेरा छातीवर असला की मेलेलं माणूसही सकाळी तसंच उठतं. तिने ते धरून ठेवलं होतं. त्या किड्याच्या पोटाखाली कोरलेल्या ओळी असतात, आणि ओळी म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, आशीर्वाद असणार, असं वाचता न येणाऱ्या माणसाला वाटतं तसं तिलाही वाटलं होतं. लहानपणी ती आणि सेनू बैलांच्या गोठ्यामागे पालथे पडून भुंगेऱ्यांची गंमत बघायचे. सेनू तिचा पाठचा भाऊ. तो भुंगेऱ्याच्या वाटेत गवताची काडी ठेवायचा, भुंगेरा काडीला वळसा घालून जायचा, मग सेनू पुन्हा पुढे काडी ठेवायचा. "ताई, याला दम कसा लागत नाही गं?" तो विचारायचा. आई आतून ओरडायची, त्याच्या वाटेत येऊ नका रे, पाप लागेल. सेनूला पाप लागण्याइतकं त्याच्या हातून एवढंच झालं असेल.

आणि हा भुंगेरा तर तिनेच करायला टाकला होता. लग्नातलं कडं मोडून. मातीचा झिलई दिलेला स्वस्तातला नको, खरा हिरवा दगड हवा, असं तिने केन्नाला बजावलं होतं, कारण मिनमोसने तिला तसं बजावलं होतं. तिचा नवरा. अमूनच्या देवळाच्या कापडकोठारावरचा कारकून, साऱ्या वासेत शहरात ज्याचं अक्षर नावाजलेलं होतं तो. शेवटच्या आजारात त्याने कशाचाच हट्ट धरला नाही. पेटी कसल्या लाकडाची, कबरीत काय काय ठेवायचं, कुणाला बोलवायचं, काही नाही. आपलं पोर, हूय, करेल ते खरं, म्हणायचा. हट्ट फक्त भुंगेऱ्याचा. "काळजावरच ठेवायला सांग. वर नको, बाजूला नको. त्या प्रेताला पट्ट्या बांधणाऱ्यांचा काही भरवसा नसतो, कुठेही ठेवून मोकळे होतात. तू स्वतः सांग त्यांना." आणि तिचा हात ओढून त्याने आपल्या छातीवर नेमका दाबून दाखवला, इथे. तिच्या हाताखाली त्याचं काळीज अडखळत चाललं होतं. तिला वाटलं, बिचारा मरणाला भ्याला. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या कपाळावरचे केस मागे केले. त्याला वाचता येत होतं. काय लिहितात ते त्याला पुरतं ठाऊक होतं. इथे दाब, म्हणाला. आणि तिने दाबलं.

"मी दोन घास खाऊन घेतो," केन्ना म्हणाला. "तोवर तुम्ही नाव सांगून ठेवा त्याला."

"कुणाला?"

"भुंगेऱ्याला, आणि कुणाला? आमच्या बापाने घालून दिलेली रीत आहे. घरच्या माणसाने दगडाच्या कानात नाव सांगायचं, मगच छिन्नी लावायची. दुसऱ्या दुकानांत जागा कोरी ठेवलेले ढिगाने तयार असतात, आलं गिऱ्हाईक की मारलं नाव. त्यांना काय, कुणाचं तोंड कुणाच्या काळजावर. आपल्याकडे तसं नाही. एकदा दगडाने ऐकलं की ऐकलं." त्याने भुंगेरा एका फडक्यावर ठेवून तिच्या मांडीशी सरकवला. "सावकाश सांगा. तो पळून जात नाही." मग तो आतल्या बाजूला जाऊन भाकरी आणि सुकी मासळी घेऊन तिच्याकडे पाठ करून बसला. त्याच्या चावण्याचा आवाज येत राहिला.

भुंगेरा तिच्याकडे तोंड करून होता. मागे फळीवर केन्नाचा ताईतांचा सगळा माल मांडलेला होता. निळे डोळे, बारके खांब, तांबड्या दगडाच्या गाठी, बेडक्या, पाळण्याला बांधायचा जीभ काढलेला बुटका देव. या सगळ्यांना तिने आयुष्यभर हात लावून नमस्कार केला होता. नातवाच्या गळ्यात तिने स्वतः तांबडी गाठ बांधली होती, हूयच्या गळ्यात डोळा, आणि आता तिला भीती वाटायला लागली की या ताईतांपैकी कोण कुणाला काय सांगत असेल. डोळा खरंच बघतो, की बघू नकोस म्हणून कुणाला दटावतो? आपल्या गळ्यातही एक आहे, तो काय म्हणतो? तिने गळ्याशी हात नेला आणि तसाच ठेवला. सगळं गाव गळ्यात काहीबाही बांधून हिंडतंय आणि विचारायची कुणाला गरज वाटत नाही. तिलाही कधी वाटली नव्हती. केन्नाला हे सगळं ठाऊक होतं आणि तो मासळी खात होता.

कोठारातून कापडाचे तागे चोरीला गेले तेव्हा हूय तिच्या पोटात होता. तलम कापड, देवाच्या मूर्तीला नेसवायचं, ज्याच्या कोपऱ्यावर देवळाची काळी खूण असते. मिनमोसनेच सेनूला तिथे चिकटवून दिलं होतं, ओझी उचलायला. मेहुणा म्हणून. चौकशी झाली, आणि चौकशीत मिनमोस राजाच्या नावाने शपथ घेऊन म्हणाला की सेनूला मी ताग्यांशी पाहिलं. एवढंच म्हणाला. कारकुनाच्या शब्दापुढे हमालाचा शब्द कोण घेतो? सेनूचे नाक-कान कापले आणि दक्षिणेकडच्या सोन्याच्या खाणीत धाडला. धक्क्यावर तिला पुढे जाऊ दिलं नाही. तोंडाला फडकं बांधलेला माणूस नावेत बसला, तो सेनू असं लोक म्हणाले, म्हणून सेनू. तिथून कुणी परत येत नाही आणि तोही आला नाही. वाळूत कुठे पुरला, पुरला तरी का, कोण सांगणार. त्या रात्री मिनमोस जेवला नाही. "माझ्या तोंडून आलं ते खरं होतं," तो अंधारात म्हणाला, तिने काही विचारलेलं नसताना. "आता या घरात ते नाव नको. पोरावर सावली पडेल." त्यानंतर तिचे पाय सुजले की तो तासन्‌तास चोळून द्यायचा. हूय झाल्यावर त्याने तिला ओझं म्हणून उचलू दिलं नाही. शेजारणी म्हणायच्या, वाबेत, तुझ्यासारखा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच तिला धड संशयही घेता येईना.

नाव नको, म्हणून ती पहाटे कणीक मळताना ते म्हणायची. मेलेल्याचं नाव कुणी घेतलं नाही तर तो तिथेही मरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आई गेली, मग नाव घेणारी ती एकटीच उरली. तेव्हा परातीवर वाकायचं, तोंड कणकेजवळ न्यायचं आणि ओठातल्या ओठात म्हणायचं, सेनू. मग तीच भाकरी मिनमोस खायचा. तिला यात वाईट वाटायचं नाही. कधीकधी तर बरं वाटायचं. देवाच्या काठीला आवाज नसतो, असं आई धक्क्यावरून परतताना म्हणाली होती, इथल्या न्यायाला भाऊबंद असतात, पोट असतं, तिथे नुसता तराजू आहे, एका पारड्यात काळीज आणि एका पारड्यात सत्याचं पीस, तिथे कुणाचा वशिला चालत नाही. त्यावर वाबेतने आयुष्य काढलं. खोटं सांगायचं कशाला. तिने नवऱ्याशी भांडण केलं नाही, त्याला एकदाही विचारलं नाही, कारण विचारणारे तिथे बसलेले होते. खरं असेल तर काळीज सांगेल, खोटं असेल तरी तेच सांगेल. आपण कशाला तोंड विटाळा.

मिनमोस गेल्यावर पट्ट्यांसाठी घरातलं जुनं कापड द्यायचं म्हणून तिने मोठी पेटी रिकामी केली. जुन्या चादरी, हूयची बाळोती, तिचं फाटकं पांघरूण. तळाशी एक तागा निघाला. कधीच न उलगडलेला. इतका तलम की बोटांना नीट लागत नव्हता. कोपऱ्यावर काळी खूण. तिला वाचता येत नसलं तरी ती खूण ती ओळखत होती, कोठाराच्या दारावर तीच होती, त्या दारातून तिने कितीदा मिनमोसचा डबा पोचवला होता. ती पेटीसमोर बसून राहिली. किती वेळ ते तिला आता आठवत नाही. सुनेने दोनदा हाक मारली एवढं आठवतं. विकला नाही, वापरला नाही, जाळलाही नाही, तळाशी ठेवला आणि वर बाळोती घातली. कशासाठी चोरी केली होती मग? तिला राग येण्याआधी हेच विचारावंसं वाटलं. मग राग आला, आणि रागाच्या मागोमाग अशी काही शांती आली की तिचंच तिला नवल वाटलं. तिने तो तागा इतर कापडांत घालून पट्ट्या बांधणाऱ्यांकडे पाठवून दिला. बांधा त्याच्याभोवती. माल आणि चोर एकत्र जाऊ देत. आता तिथे काळजाला फार काही बोलावंही लागणार नाही. आणि त्याच हाताने तिने कडं मोडून भुंगेरा करायला टाकला होता, बायको म्हणून जे करायचं त्यात कसूर नको, न्याय करणारे वेगळे आणि आपण वेगळे.

आणि न्याय करणाऱ्यांपुढे साक्षीदाराचं तोंड बांधायला दगड आपण आणला. हिरवा, अस्सल, एकही रेघ नसलेला. ती भुंगेऱ्याकडे बघत होती आणि तिला हसू येईल की ओकारी येईल हे कळत नव्हतं. आईला कुणी फसवलं होतं? की आईलाही माहीत होतं, आणि धक्क्यावरून घरी यायला काहीतरी लागतं म्हणून तिने तसं सांगितलं? श्रीमंतांच्या छातीवर दगड आहे. सेनूच्या छातीवर वाळूसुद्धा आहे की नाही कोण जाणे. त्याचं काळीज मोकळं आहे, हवं ते बोलू शकतं, फक्त त्याला विचारणारं कुणी नाही. उचलून नदीत टाकावा का? मग केन्ना ओरडेल, हूय विचारेल, आणि हूयला काय सांगायचं? तुझा बाप तिथे, पापी काळीज गिळणाऱ्या मगरीच्या तोंडाच्या जनावरापुढे उघडा पडू दे म्हणून? अशांतीत गेलेला माणूस घरात परत फिरतो, लेकरांना झोंबतो. तांबडी गाठ बांधलेलं एवढंसं पोर घरी झोपलेलं होतं. त्याला मिनमोसने रोज संध्याकाळी खांद्यावर घेऊन नदी दाखवली होती. नाही, तिला ते जमणार नव्हतं. तिला त्याची कीवही येत होती, छातीवर तिचा हात दाबून धरणाऱ्या त्या म्हाताऱ्याची. आयुष्यभर स्वतःच्या काळजाला भीत एकाच अंथरुणात शेजारी झोपला आणि बोलला नाही. नाव सांगावं आणि घरी जावं. सगळे तेच करतात.

ती वाकली. दगडाजवळ तोंड नेलं. दगडाला छिन्नीचा, तेलाचा वास येत होता. डोळे मिटून तिने ओठातल्या ओठात नाव घेतलं, आणि घेतल्यावर तिला ते ऐकू आलं.

सेनू.

ती तशीच वाकलेली राहिली. मिनमोसच म्हणायचं होतं तिला. शपथ घेऊन सांगितलं असतं तिने. पण मान अशी वाकवून, तोंड असं जवळ नेऊन, तिने जन्मात दुसरं नाव घेतलेलंच नव्हतं. ओठांना तेवढंच येत होतं. ती उठून बसली तेव्हा मान दुखत होती. भुंगेरा होता तसाच होता.

केन्ना हात पुसत आला. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"आता एकदा मोठ्याने सांगा. मला चिन्हं बसवायला पाहिजेत." त्याने दगड उचलून गुडघ्यांच्या खाचेत धरला, बारीक छिन्नी उचलली. "म्हणजे दादांचं नाव मला तोंडपाठ आहे, पण विचारायची रीत."

आता मिनमोस म्हणता आलं असतं. दगडाने ऐकलेलं एक, केन्नाने कोरलेलं एक, कुणाला कळलं असतं? वाबेतने त्याच्या छिन्नीच्या टोकाकडे पाहिलं. ते रिकाम्या जागेवर टेकलेलं होतं, आजूबाजूला त्या गप बस म्हणणाऱ्या ओळी.

"सेनू," ती म्हणाली. मोठ्याने. दुकानाला ऐकू जाईल असं. तिच्या कानाला ते परक्या बाईने म्हटल्यासारखं वाटलं.

केन्नाने वर पाहिलं. "वहिनी, दादांचं नाव मिनमोस."

"दगडाने हेच ऐकलंय."

"चुकून आलं असेल तोंडातून. उन्हाचं होतं तसं."

"चुकून आलं," वाबेत म्हणाली. "पण ऐकलं ना त्याने? तुमच्या वडिलांची रीत काय सांगते?"

केन्ना मान खाजवत बसला. "पुसता येत नाही," तो अखेर म्हणाला. "दुसरा दगड घ्यावा लागेल. नाहीतर हेच."

"मग हेच."

"आणि ठेवायचा कुठे?"

"काळजावर. वर नाही, बाजूला नाही. त्यांनीच सांगितलंय."

छिन्नीची टकटक सुरू झाली. वाबेतने तेव्हा कुठे मडकं तोंडाला लावलं आणि कोमट झालेली बिअर एका दमात संपवली. मिनमोसच्या काळजाला गप बस म्हणून कुणी सांगितलेलं नसेल. सांगितलं असेल ते सेनूच्या, आणि सेनूच्या काळजाला लपवण्यासारखं आहे काय, काडीने भुंगेऱ्याची वाट अडवली एवढंच, ते गप बसलं तर बसू दे. पण नाव तिथे असेल. वाळूत हरवलेल्या पोराचं नाव हिरव्या दगडात, चांगल्या कबरीत, कारकुनाच्या छातीवर. देवांनी वाचलं तर विचारतीलच की. तागा भोवती, नाव वर. मग काळजाला काय बोलायचं ते बोलू दे. बोललं तर त्या जनावराच्या घशात जाईल तो, आणि आपण घातला त्याला. बायकोने. हे तिने मनाशी शब्दांत म्हटलं. तरी ती उठली नाही.

सावली दारातून आत आली, तिच्या पाठोपाठ हूय आला. बापाच्या जागेवर आता तोच कोठारावर होता. कानामागे बोरू, अंगरख्याला शाईचे डाग, सगळं तेच. "झालं का, आई? धक्क्यावर नाव खोळंबलीय. पलीकडे पट्ट्या बांधणारे सांगून गेलेत, आजच्या आज पाहिजे, उद्या छाती बांधून टाकतील."

"झालंच," केन्ना म्हणाला आणि त्याने शेवटची पूड फुंकली. वाबेतकडे न बघता भुंगेरा हूयच्या हातात दिला.

आपल्या पोराला वाचता येतं, हे वाबेतच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने घाईने हात पुढे केला, "दे, मी धरते," पण हूयने तोवर दगड उजेडाकडे फिरवला होता. त्याने तो हातावर तोलला, मान हलवली, चांगलं काम आहे म्हणाला. मग ओळींवरून त्याचे डोळे उतरू लागले. कोठारात वाचायची सवय, ओठ हलत होते. ओठ थांबले. तो मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

हूयचा आवाज हुबेहूब बापाचा होता. अंधारात बोलला तर सुनेलाही पूर्वी फरक कळायचा नाही. वाबेतला ते ठाऊक होतं, रोज ऐकत होती, तरी पुढचं ऐकलं तेव्हा तिने भिंतीला हात टेकला. या आवाजाने हे नाव हूय पोटात असताना शेवटचं घेतलं होतं, राजाची शपथ घेऊन.

"सेनू," तो आवाज म्हणाला. "आई, हा सेनू कोण?"

केन्ना उठून आत गेला. कांदेवाली गल्लीच्या टोकाला पोचली असावी, तिची हाक लांबून आली. वाबेतने चटईवर आपल्या शेजारची जागा हाताने झाडली.

"नाव थांबेल जरा," ती म्हणाली. "बस इथे. तुझा मामा होता तो."